पागेतली ऊब आणि बजाबाची शेपटी

एका जंगलात एक पागा होती.

जंगलात पागा कशी, असं लगेच विचारू नका, बाळांनो. तिथं पूर्वी माणसांचं राज्य होतं. ते भांडून भांडून संपलं आणि उरलेल्या जागेत झाडं उगवली. राजमहालात सिंह राहायला आला. पागेतले घोडे होते तिथंच राहिले. सिंहानं त्यांना खाल्लं नाही, कारण राजा म्हटला की रथ आला, आणि खाल्लेला घोडा रथाला जुंपता येत नाही. एवढं सिंहालाही कळत होतं.

पागा दगडी होती. लांबलचक, उंच, अकरा घोड्यांची. भिंतींच्या माथ्याशी, छपराच्या अगदी खाली, दोन्ही बाजूंना वीस-वीस झरोके होते. दाराखालून गार हवा आत यायची. घोड्यांच्या पायांतून फिरायची, त्यांच्या अंगाच्या उबेनं तापून वर चढायची आणि लिदीचा, मुताचा वास बरोबर घेऊन झरोक्यांतून निघून जायची. ज्यानं ही पागा बांधली त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याला घोडा कळत होता.

या पागेत एक माकड असायचं. ही जुनी रीत. घोड्यांवर येणारी बला माकडाच्या डोक्यावर जावी, म्हणून पागेत माकड पाळायचं. घोडे निरोगी राहिले तर माकडाला रोज मूठभर भिजवलेले हरभरे. घोडा दगावला तर माकडाचं डोकं. रीत साधी होती. ती ठरवताना माकडाला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या गोष्टीतल्या माकडाचं नाव बजाबा. पागेतलं हे सातव्या पिढीचं माकड. तो वर तुळईवर झोपायचा आणि शेपटी झरोक्यातून बाहेर सोडायचा. ऊन सरकेल तसा तोही सरकायचा. आज या झरोक्यात शेपटी, उद्या त्या. झरोक्यात पारव्यांनी काड्या आणून ठेवल्या, पालापाचोळा अडकला, की तो उपसून खाली फेकायचा. त्यात परोपकार वगैरे काही नव्हता. शेपटीला जागा हवी होती.

सात पिढ्या माकडं शेपटीसाठी झरोके साफ करत राहिली आणि सात पिढ्या घोडे धडधाकट राहिले. जंगल म्हणायचं, बघा, बला कशी माकडाच्या डोक्यावर जाते ती. बजाबालाही तसंच वाटायचं. त्याचं डोकं अधूनमधून दुखायचंसुद्धा.

एका पौषात राणीसाहेब, म्हणजे सिंहीण, पागेत आल्या. रेवा नावाच्या तांबड्या घोडीला शिंगरू झालं होतं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याचं नाव चांदवा. राणीसाहेबांचा त्याच्यावर फार जीव. त्या शिंगराजवळ उभ्या राहिल्या आणि वाऱ्यानं त्यांच्या कानावरचे केस हलले.

"केवढा हा गारठा," राणीसाहेब म्हणाल्या. "बिचारं लेकरू कुडकुडत असेल."

"नाही, राणीसाहेब," रेवा म्हणाली. "हिवाळा आला की आमच्या अंगावर दाट लव येते. थंडीचं आम्हाला काही नाही. आम्हाला फक्त हवा…"

"बघा, किती सोशिक जनावर आहे," राणीसाहेब म्हणाल्या आणि डोळे पुसत निघून गेल्या.

घोड्याला विचारून खोगीर कुणी घातलंय का, बाळांनो? मग घोड्याला विचारून थंडी तरी कशाला ठरवायची?

महाराजांनी भल्लूकरावांना बोलावलं. भल्लूकराव म्हणजे अस्वल. पण साधं अस्वल नव्हे. ते बर्फाच्या देशात तीन हिवाळे काढून आले होते. तिन्ही हिवाळे त्यांनी झोपून काढले होते, पण तिथंच काढले होते. झोपेत शिकलेलं पक्कं राहतं, असं ते म्हणायचे.

भल्लूकरावांनी पागा बाहेरून पाहिली. आत लीद होती.

"महाराज, या इमारतीला चाळीस भोकं आहेत," ते म्हणाले.

"चाळीस?" महाराज दचकले. "आणि इतकी वर्षं कुणी बोललं नाही?"

"जुने लोक अडाणी होते, महाराज. आमच्या तिकडं गुहेला एकच तोंड असतं. तेही आम्ही आतून बुजवतो आणि चार महिने सुखानं राहतो."

"आणि तिकडचे घोडे?"

"घोडे मी पाहिले नाहीत. मी झोपलो होतो."

हा प्रामाणिकपणा महाराजांना फार आवडला. काम लगेच सुरू झालं. चाळीसच्या चाळीस झरोके माती आणि भुसा कालवून बुजवले. वरून चुना फासला. दाराला जाड घोंगड्यांचा पडदा लावला. आत चार मोठ्या शेगड्या पेटवल्या. महाराजांनी फीत कापली. भल्लूकरावांनी ऊब या विषयावर भाषण केलं, ते इतकं लांबलं की ऐकता ऐकता स्वतः तेच पेंगायला लागले.

बजाबा तुळईवर जाऊन बसला. शेपटी कुठं ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी मांडीवर घेऊन बसला.

आता वरातीमागून घोडं म्हणतात ते बघा. त्या राज्यात प्राचीन वास्तूंचं जतन करणारं एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष कूर्मोपंत. वय वर्षं दोनशे. कासव असल्यामुळं स्वतःही एका प्राचीन वास्तूतच राहायचे. पागेची नोंद करायला म्हणून ते दसऱ्याला तळ्यावरून निघाले होते, ते चुना वाळल्यावर आठव्या दिवशी पोचले. त्यांनी मान वर केली. मान जेवढी वर जाते तेवढीच जाते. त्यांनी वहीत लिहिलं, "भिंती चारही अखंड. झरोका एकही नाही. हेच मूळ स्वरूप. यात बदल करील तो हद्दपार."

"पंत, वर झरोके होते हो," बजाबा तुळईवरून म्हणाला. "चाळीस होते."

"कधी?"

"मागच्या आठवड्यापर्यंत."

"मग मी मागच्या आठवड्यात यायला हवं होतं," पंत खरोखर हळहळून म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

पागेत ऊब झाली यात वाद नाही. इतकी झाली की भिंतींना घाम फुटला. छपरावरून थेंब ठिबकायला लागले. गवत बुरसलं. मुताचा उग्र दर्प वर चढायचा, छपराला टेकायचा आणि वाट नसल्यामुळं पुन्हा खाली यायचा. वर बसलेल्या बजाबाचे डोळे सगळ्यांत आधी चुरचुरले. तिसऱ्या दिवशी चांदवा खोकला. आठव्या दिवशी अकराही घोडे खोकत होते.

दरबार भरला. राणीसाहेब रडत होत्या.

"बजाबा," महाराज म्हणाले, "शिंगरू खोकतंय. आणि तू काय करतोस?"

"मीही खोकतोय, महाराज."

"तू खोकायचंस हे ठरलेलंच आहे. पण बला तुझ्या डोक्यावर गेली असेल तर शिंगरू कसं खोकेल? बला एक आणि खोकणारे दोन, हा हिशोब आम्हाला पटत नाही."

दरबार हसला. राजा विनोद करतो तेव्हा दरबाराला खोकला येत नाही.

"महाराज, एकदा वर चढून बघा," बजाबा म्हणाला. "वरच्या हवेत डोळे उघडत नाहीत."

महाराज तुळईवर चढत नसतात. त्यांनी भल्लूकरावांकडं पाहिलं.

"हा खोकला थंडीचा आहे," भल्लूकराव म्हणाले. "म्हणजे थंडी अजून कुठंतरी शिल्लक आहे. शेगड्या आठ करा."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इथं मात्र आगीकडंच आणखी आग पाठवली. मला या ठिकाणी नेहमी राग येतो, बाळांनो. गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे, तरी येतो. एक आई समोर उभी राहून सांगते की आम्हाला थंडी वाजत नाही, आणि पागेत पाऊलसुद्धा न टाकलेलं अस्वल शेगड्या मोजतं.

महाराजांनी निवाडा दिला. रथसप्तमीला बारा दिवस होते. त्या दिवशी रथ निघायचा आणि शिंगरू रथाबरोबर धावायचं. तोवर शिंगराचा खोकला थांबला नाही, तर रीतीप्रमाणं बजाबाचं डोकं.

आठ शेगड्या पेटल्या. चौथ्या दिवशी चांदवा आडवा झाला. त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या आणि नाकपुड्या फाकल्या होत्या. रेवा त्याच्याजवळ उभी होती.

"बजाबा," ती म्हणाली, "माझं लेकरू जाईल. आणि त्याच्यामागून तू जाशील."

"माझ्या डोक्यावर अजून कसली बला घेऊ, रेवाबाई? डोकं ठणकतंय. सगळं घेतलं."

"डोक्याचं राहू दे. आधी आणि आता यांत काय बदललं तेवढं सांग."

बजाबा काही विचार करणारा प्राणी नव्हता. पण शेपटी मांडीवर होती आणि ती कुठं असायला हवी हे त्याला आठवत होतं. तो उठला. दुपारी शेगड्या पेटवणारी कोल्ही जेवायला गेल्यावर त्यानं चांदव्याच्या बरोबर वरचा झरोका नखांनी खरवडला. माती पडली. भोक पडलं. आतली कोंदट वाफ त्यातून भसाभस बाहेर गेली, आणि मागोमाग दाराच्या घोंगडीखालून गार वाऱ्याची एक बारीक लकेर आत आली. बजाबानं शेपटी बाहेर सोडली. त्याला रडू आलं.

संध्याकाळी चांदवा उठून बसला. दुसऱ्या दुपारी बजाबानं आणखी एक झरोका उघडला, तिसऱ्या दुपारी तिसरा. रथसप्तमीच्या तीन दिवस आधी शिंगराचा खोकला थांबला.

भल्लूकरावांनी ताबडतोब महाराजांना कळवलं की आठ शेगड्यांचा गुण आला.

इथवर सगळं बरं होतं. पण कूर्मोपंत शिक्का मारून जे परत निघाले होते, ते इतक्या दिवसांत पागेच्या मागच्या भिंतीपर्यंतच पोचले होते. चौथा झरोका खरवडताना मातीचं ढेकूळ नेमकं त्यांच्या पाठीवर पडलं. पंतांनी मान वर केली. भोक दिसलं नाही, पण भोकातून लोंबणारी शेपटी दिसली.

पुन्हा दरबार भरला.

"मूळ स्वरूपाची नासधूस," पंत म्हणाले. "माकडाच्या हाती कोलीत देतात ते हे असं."

"पंत, त्या भोकामुळं माझं शिंगरू वाचलं," रेवा म्हणाली.

"शिंगरू शेगड्यांमुळं वाचलं," भल्लूकराव म्हणाले.

"आठ शेगड्या पेटल्या तेव्हाच तर ते आडवं झालं."

"चांगल्या उपायाचा गुण यायला वेळ लागतो."

"ते भोक मी पाडलं नाही, महाराज. ते होतंच," बजाबा म्हणाला. "माझ्या पणजोबाची शेपटी त्याच झरोक्यातून बाहेर असायची."

पंतांनी वही चाळली. त्यांनी ती मन लावून चाळली, हे मान्य करायला हवं.

"पणजोबाच्या शेपटीची नोंद नाही," ते म्हणाले.

महाराज न्यायी होते. शिंगरू बरं झालं, म्हणून त्यांनी बजाबाचं डोकं माफ केलं. भिंत फोडली, म्हणून त्याला हद्दपार केलं. चारही भोकं दगड आणि चुन्यानं पक्की बुजवली.

बजाबा हद्दीवरच्या चिंचेच्या झाडावर जाऊन बसला. दोन दिवसांत त्याचा खोकला थांबला. पागेत चांदवा पुन्हा खोकायला लागला.

रथसप्तमी उजाडली. महाराज रथात बसले. घोड्यांनी खोकत खोकत रथ हद्दीपर्यंत ओढला, चांदवाही खोकत बरोबर आला. उघड्यावर, पौर्णिमेच्या आधीच्या त्या स्वच्छ थंडीत, त्यांचा श्वास हळूहळू मोकळा होत गेला. चिंचेखाली रेवा थांबली. बाकीचे घोडेही थांबले. पूजेसाठी त्यांना रथापासून सोडलं. पूजा झाली. पण पुन्हा जुंपून घ्यायला एकही घोडा जागचा हलेना.

"चला," महाराज म्हणाले.

"महाराज, आत हवा नाही," रेवा म्हणाली.

"आत ऊब आहे."

"ऊब आमची आम्ही अंगावर घेऊन हिंडतो."

महाराजांनी डरकाळी फोडली असती. पण डोक्यावर जरीचा फेटा होता, समोर प्रजा होती आणि रथ अडकून पडला होता. तशात पाहुण्या राज्यांचे वकीलही आले होते. महाराज घरी चालत गेले. घोडे चिंचेखाली राहिले.

महिनाभरानं भल्लूकरावांनी अहवाल सादर केला. पागेत खोकणारे घोडे, एकही नाही. पागेत दगावलेले घोडे, एकही नाही. पागेतली ऊब, उत्तम. महाराज इतके खूश झाले की त्यांनी भल्लूकरावांना शाल दिली. अस्वलाला शाल कशाला लागते हे मला विचारू नका.

त्या वर्षी थंडी लांबली. एवढी उबदार पागा रिकामी पडून राहावी हे राणीसाहेबांना बरं वाटेना. मग दरबारच तिकडं हलवला. सिंहासन आलं, गालिचे आले. महाराज, राणीसाहेब, कोल्हे, लांडगे, तरस, सगळे आत आले आणि पडदा ओढून बसले. त्यांनाही अंग होतं, पोट होतं, आणि वास तर घोड्यांपेक्षा जास्त होता. पाचव्या दिवशी महाराजांनी डरकाळी फोडायला तोंड उघडलं आणि खोकला आला.

दहाव्या दिवशी महाराजांना आडवं व्हावं लागलं.

आता बला कुणाच्या डोक्यावर घालायची? पागेत माकडच नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथं तर भल्लूकराव स्वतः चिंचेखाली आले आणि त्यांनी माकडापुढं हात जोडले.

"जाऊ नकोस," रेवा म्हणाली. "राजा दगावला तर डोकं तुझंच जाणार."

"नाही गेलो तरी माझंच जाणार," बजाबा म्हणाला. "त्यापेक्षा जाऊन बघतो."

तो गेला. पागेत शिरताच त्याचे डोळे पुन्हा चुरचुरले. महाराज सिंहासनावर आडवे पडून धापा टाकत होते. राणीसाहेब खोकत होत्या, दरबार खोकत होता, आणि भल्लूकराव शेगड्या बारा कराव्यात का, याचा विचार करत होते.

बजाबा आता दरबारात चार गोष्टी शिकला होता. तो हवेबद्दल चकार शब्द बोलला नाही.

"महाराज," तो म्हणाला, "बला माझ्या डोक्यातून आत शिरते आणि शेपटीतून बाहेर पडते. शेपटी भिंतीबाहेर लागते. नसेल तर बला आतल्या आत फिरते आणि परत मालकाकडंच येते."

सगळ्यांनी कूर्मोपंतांकडं पाहिलं. त्यांना पालखीतून आणलं होतं. पंतांनी वही उघडली, मिटली आणि घसा खाकरला.

"शेपटीपुरतं भोक ही प्राचीन रूढी आहे," ते म्हणाले. "माझ्या स्वतःच्या आठवणीतली. मला वाटतं याच्या पणजोबाची शेपटी मी पाहिली आहे."

"भोकं किती हवीत?" महाराजांनी कसंबसं विचारलं.

"शिंगरू लहान होतं, त्याला तीन पुरली. महाराज मोठे आहेत. चाळीस लागतील."

"पण शेपटी एकच आहे," भल्लूकराव म्हणाले.

"फिरती आहे," बजाबा म्हणाला.

घोड्यांसाठी जे दोन महिने झालं नाही, ते दुपारच्या आत झालं. चाळीस झरोके उघडले. बजाबा तुळईवर चढला आणि या झरोक्यातून त्या झरोक्यात शेपटी फिरवत बसला. तीन दिवसांत महाराज उठून बसले. पाचव्या दिवशी डरकाळी फोडली, ती चिंचेपर्यंत ऐकू आली.

मोठा समारंभ झाला. ऊब आणि रूढी यांचा मेळ घातल्याबद्दल भल्लूकरावांना दुसरी शाल मिळाली. जुनं जतन केल्याबद्दल पंतांना मानपत्र मिळालं. बजाबालाही विसरले नाहीत. महाराज म्हणाले, "एका माकडानं किती शेपटी फिरवायची? बजाबाची स्मृती आम्ही चिरंतन करू."

त्यांनी बजाबाची दगडी मूर्ती घडवली. एक नव्हे, चाळीस. प्रत्येक झरोक्यात एक माकड, डोकं आत, शेपटी बाहेर. मूर्ती झरोक्यात अगदी घट्ट बसल्या. जिथं फट राहिली तिथं चुना भरला. आता बला कायमची बाहेर जाणार होती आणि हरभऱ्यांचीही बचत होणार होती. कूर्मोपंतांनी मान वर करून वहीत लिहिलं, "चाळीस माकडं. हेच मूळ स्वरूप."

जिवंत बजाबाची आता गरज उरली नाही. तो चालत चिंचेकडं परत आला. घोडे उघड्यावर चरत होते. चांदवा धावत पुढं आला.

"बजाबाकाका, आता त्यांना पुन्हा खोकला येईल का?"

"येईल की."

"मग पुन्हा तुम्हाला बोलावतील?"

"नाही रे बाबा," बजाबा म्हणाला. "आता माझी चाळीस डोकी तिथं आहेत. एकेक करून सगळी उडवतील. मूर्ती फुटल्या की झरोके उघडतील आपोआप."

तो चिंचेवर चढला, फांदीवर आडवा झाला आणि त्यानं शेपटी मोकळी सोडली. पागेच्या दिशेनं बारीक खोकल्याचा आवाज आला.

तात्पर्य: घोड्याला थंडी वाजते की नाही हे राणीला विचारावं, घोड्याला कधीच नाही. आणि माकड पाळायचंच असेल तर दगडाचं पाळावं. जिवंत माकडाला श्वास घ्यावा लागतो, म्हणून ते भिंतीला भोक पाडतं.